दुरुस्ती आणि रुजुवात

जुन्या दप्तरखान्यांत एखादा हिशेब लिहून झाला म्हणजे तो पुरा झाला असे मानण्याची वहिवाट नव्हती. लिहिलेल्या प्रत्येक रकमेशेजारी मूळ कागद धरावा, आकडा आकड्याशी ताडून पाहावा, आणि मेळ बसला तरच कारकुनाने समासात आपली खूण करावी, असा शिरस्ता असे. या कृत्यास रुजुवात म्हणत. दप्तरखाने गेले, मोडी लिपी गेली, आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही बोलण्यातून बहुतेक नाहीसा झाला. परंतु घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची देखभाल व दुरुस्ती या विषयावरील प्रस्तुत पुस्तकाची हस्तलिखित पाने वाचताना मला तो वारंवार आठवला. प्रस्तावनेच्या आरंभीच तो मांडण्याचे कारण असे की, या यंत्राच्या बाबतीत दुरुस्ती आणि रुजुवात या दोन क्रिया भिन्न आहेत, पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप होते असे नाही, आणि पहिलीवाचून एखादे वेळी निभावले तरी दुसरीवाचून कधीही निभावणार नाही, हेच या पुस्तकाचे सार आहे असे माझे मत झाले आहे.

मी यंत्रज्ञ नाही आणि वैद्यही नाही. रत्नागिरीच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, आणि या यंत्राशी माझा संबंध आला तो आमच्या थोरल्या वहिनींमुळे. चाळीस वर्षे त्यांनी चुलीपुढे काढली. पावसाळ्यातील ओली लाकडे, हातातली फुंकणी आणि धूर बाहेर जाण्यास एका कौलाएवढी वाट असलेले स्वयंपाकघर, यांनी त्यांच्या फुप्फुसांवर जे लिहून ठेवले ते साठीनंतर वाचता येऊ लागले. विडी-सिगारेटला जन्मात हात न लावलेल्या आपल्याकडील कितीतरी स्त्रियांस श्वासमार्गाच्या अवरोधाचा जो जुनाट विकार जडतो त्याचे एक मोठे कारण हा चुलीचा धूर आहे, हे वैद्यकशास्त्राने आता मान्य केलेले आहे. बसल्या जागी वहिनींच्या बोटावरील ऑक्सिमीटर ८८ च्या खाली उतरू लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, मिनिटास २ लिटर या मानाने दिवसाचे किमान १५ तास प्राणवायू घ्यावा लागेल. गुणाकार करून पाहिला तर हा प्राणवायू दिवसाला १,८०० लिटर होतो, आणि रिक्षातून आणता येण्याजोग्या लहान सिलिंडरात मावतो सुमारे दीड हजार लिटर. म्हणजे रोज एक सिलिंडर रिता करूनही डॉक्टरांची आज्ञा पुरती पाळली गेली नसती. मग देवघरालगतच्या खोलीत एक यंत्र आले, जे दिवसाकाठी पाच-सव्वापाच युनिट वीज घेऊन खोलीतल्याच हवेतून तेवढा प्राणवायू वेगळा काढून देऊ लागले.

१५ तास हा आकडा कोणाच्या लहरीतून निघालेला नाही. अशाच विकाराने जर्जर झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जे दोन दीर्घ प्रयोग झाले त्यांचे निष्कर्ष अनुक्रमे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झाले, व आजचा सारा उपचार त्यांच्याच पायावर उभा आहे. ब्रिटनमधील प्रयोगात ज्या ४२ जणांना घरी रोज किमान १५ तास प्राणवायू दिला त्यांच्यापैकी पाच वर्षांच्या अवधीत १९ जण दगावले, आणि ज्या ४५ जणांना तो दिला नाही त्यांच्यापैकी ३० जण दगावले. अमेरिकेतील २०३ रुग्णांच्या प्रयोगाने असे दाखविले की, केवळ रात्रीपुरता प्राणवायू घेणाऱ्यांपेक्षा तो जवळजवळ अखंड घेणारे अधिक जगतात. हे आकडे वाचताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. जे आयुष्य वाढले ते नाकात नळी असलेल्या तासांनी वाढविलेले नाही, त्या नळीतून जो वायू खरोखर आला त्याने वाढविलेले आहे. यंत्र रात्रभर घरघरत राहिले पण त्यातून नुसती खोलीतली हवाच फिरून आली, तर तास भरतील आणि आयुष्य मात्र रिते राहील.

यंत्राची करामत समजून घेतल्यावाचून या धोक्याचे स्वरूप कळणार नाही. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू, २१ टक्के प्राणवायू आणि एक टक्क्याहून थोडा कमी आर्गॉन असतो. यंत्र यातला प्राणवायू निर्माण करीत नाही. ते फक्त नत्रवायूला अडवते, आणि जो उरतो तो आपल्या हवाली करते. अडविण्याचे काम करतात झिओलाइट नावाच्या पदार्थाचे मोहरीएवढे पांढुरके दाणे, जे यंत्रातील दोन नळकांड्यांत दाबून भरलेले असतात. या दाण्यांना ‘रेणूंची चाळणी’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण प्रस्तुत ठिकाणी ते नाव फसवे आहे. कारण नत्रवायूचा आणि प्राणवायूचा रेणू आकाराने इतके सारखे आहेत की दाण्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून दोघेही सुखाने आत शिरतात. भेद पडतो तो आत गेल्यावर. तेथील धन विद्युतभाराचे कण नत्राच्या रेणूस अधिक जोराने धरून ठेवतात, आणि प्राणवायूस तितकेसे धरीत नाहीत. म्हणून मी याला चाळणी न म्हणता जकातनाका म्हणेन. काँप्रेसरने हवेचा दाब वाढविला की नत्राच्या गाड्या नाक्यावर अडकतात व प्राणवायू दस्तक दाखवून पुढे निघून जातो. काही सेकंदांत नाक्याचे आवार भरून जाते, तेव्हा व्हॉल्व फिरतो, दाब सुटतो आणि अडकलेला नत्रवायू मागच्या दाराने बाहेर लोटला जातो. आणि पहिला नाका असा रिकामा होत असताना दुसऱ्या नाक्यावर वसुली चालू असते. यंत्रातून दर काही सेकंदांनी जो सुस्कारा ऐकू येतो तो याच सुटकेचा. आर्गॉन मात्र नाकेदाराला ओळखू येत नाही. तो प्राणवायूच्या बरोबरीने निसटतो, आणि म्हणूनच उत्तमातले उत्तम यंत्रही ९५-९६ टक्क्यांच्या पलीकडे शुद्धता देऊ शकत नाही. उष्णता न वापरता केवळ दाबाच्या चढउतारावर वायू वेगळे करण्याच्या या युक्तीचे एक मूलभूत पेटंट चार्ल्स स्कार्स्ट्रम या अमेरिकी संशोधकास १९६० साली मिळाले, आणि पुढच्या दशकात ती रुग्णांच्या घरांत शिरली.

झिओलाइट हे नाव ऐकून महाराष्ट्रीय वाचकाने परकेपणा मानण्याचे कारण नाही. यंत्रातले दाणे कारखान्यात कृत्रिम रीतीने घडविलेले असतात हे खरे. पण त्या कुळातले नैसर्गिक खनिज आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत विपुल सापडते, आणि गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात भोर घाटातून रेल्वेचा मार्ग फोडताना निघालेले त्याचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. स्वीडनमधील क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली असा एक दगड तापवून पाहिला, तेव्हा त्यातून पाणी उकळून फसफसताना त्याला दिसले. म्हणून ग्रीक शब्द घेऊन त्याने त्याचे नाव ‘उकळता दगड’ असे ठेवले. या नावातच यंत्राच्या मरणाचे बीज सांगितलेले आहे. ज्या दगडात एवढे पाणी दडून राहते तो पाण्याचा किती लोभी असला पाहिजे! यंत्रातील दाण्यांना नत्रवायू आवडतो, पण ओलावा त्याहून कितीतरी अधिक आवडतो. एकदा का पाण्याच्या रेणूंनी आतल्या जागा बळकावल्या म्हणजे ते सहजासहजी हलत नाहीत, नत्रवायूला अडण्यास ठाव उरत नाही, आणि तो बिनजकात पुढे चालू लागतो. कोकणच्या हवेत हे किती सहज घडते ते सांगण्यास भूगोलाच्या शिक्षकाची गरज नाही.

आमच्या घरी ते घडले दुसऱ्या पावसाळ्यात. यंत्राचा पिवळा दिवा लागला आणि अलार्म वाजू लागला म्हणून आम्ही गावातल्या एका दुरुस्तीवाल्यास बोलाविले. तो मनुष्य वाईट नव्हता, आणि त्याने आपल्या समजुतीप्रमाणे काम केले, एवढे न्यायाने सांगितले पाहिजे. त्याने फिल्टर बदलला, आतली धूळ झटकली, यंत्र लावून दाखविले. नळीचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून भराभरा उठणारे बुडबुडे आम्हाला मोजावयास लाविले, आणि “काका, मशीन एकदम ओके आहे,” असे म्हणून तो गेला. त्यानंतर आठवड्याभरात वहिनी सकाळी उशिरा उठू लागल्या, बोलता बोलता डुलक्या घेऊ लागल्या, आणि आम्ही ते वयावर घातले. एके दिवशी ऑक्सिमीटर ८१ दाखवू लागला तेव्हा आमचे डोळे उघडले. डॉक्टरांनी तातडीने सिलिंडर लाविला, वहिनींना तपासून घेतले, आणि यंत्रासाठी प्रस्तुत ग्रंथकर्त्यांचा पत्ता दिला. हे गृहस्थ आले ते हातात पेचकस न घेता. त्यांच्या हातात प्राणवायूचे प्रमाण मोजणारा एक लहानसा अ‍ॅनलायझर होता. त्यांनी यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालू दिले, २ लिटरच्या खुणेवर काटा ठेवून नळीला मापक जोडला, आणि काही न बोलता तो माझ्यापुढे धरला. आकडा होता ५८. मग वीज तोडून झाकण उघडल्यावर असे दिसले की, अलार्मच्या भोंग्याची तार काढून टेपने गुंडाळून ठेवलेली होती, आणि सूचक दिव्यावर काळी पट्टी चिकटविलेली होती. दुरुस्ती झाली होती. रुजुवात कोणी केली नव्हती, आणि जो रात्रंदिवस ती करीत होता त्या बिचाऱ्या भोंग्याचे तोंड बांधून टाकलेले होते.

बुडबुडा वायूची गती सांगतो, वायूची जात सांगत नाही. शाळेत शिकविताना हे वाक्य मी स्वतः कितीदा फळ्यावर लिहू शकलो असतो! पण पेल्यातले बुडबुडे पाहून समाधान पावणाऱ्यांत त्या दिवशी मीही होतो. याहून सूक्ष्म असा दुसरा एक भ्रम आहे, जो मायेतून उपजतो. रुग्णाचा जीव घाबरा झाला की घरचे माणूस फ्लोमीटरची कळ फिरवून २ चे ४ करते. यंत्रातील दाणे अशक्त झाले असतील तर याचा परिणाम बहुधा उलटा होतो. नाक्यावरून गाड्या जितक्या वेगाने सोडाव्या तितकी तपासणी ढिली होते, आणि शुद्धतेचा आकडा आणखी खाली जातो. उलटपक्षी यंत्र निरोगी असेल तर वाढीव प्राणवायूने या विकाराच्या काही रुग्णांच्या रक्तात कर्बवायू साचून गुंगी येते, प्रसंगी ती प्राणावर बेतते. सारांश, कळीवरचा आकडा हा औषधाच्या मात्रेसारखा आहे. तो बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, घरच्यांचा नाही, आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याचा तर मुळीच नाही. नव्या यंत्राने सर्वसाधारणपणे ९० ते ९६ टक्क्यांच्या दरम्यान प्राणवायू द्यावा, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे कोणत्याही प्रवाहास तो ८२ टक्क्यांच्या खाली उतरता कामा नये. ही मर्यादा घरातील प्रत्येकास पाठ असावी, म्हणजे ‘ओके आहे’ या दोन शब्दांवर कोणाची बोळवण होणार नाही.

ग्रंथकर्त्यांनी सगळ्या कामाची जी तीन वर्तुळांत वाटणी केली आहे ती मला या पुस्तकातील सर्वांत मोलाची वाटते. पहिले वर्तुळ घरच्या माणसांचे. मागचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा, आणि पुरता वाळल्यावाचून परत बसवू नये. बुडबुड्याची बाटली डॉक्टरांनी सांगितली असेल तरच लावावी, तिच्यातील डिस्टिल्ड वॉटर रोज बदलावे. नाकातली नळी ठरल्या मुदतीने टाकून द्यावी. यंत्र भिंतीपासून व पडद्यापासून हातभर दूर ठेवावे. आणि तासांच्या मीटरची नोंद वहीत करावी. रोज १५ तास चालणारे यंत्र वर्षाला ५,४७५ तास भरते. मोटारीने किलोमीटर मोजावे तसे या यंत्राने तास मोजावयाचे, आणि आतले फिल्टर केव्हा बदलावे हे निर्मात्याने त्या तासांवरूनच ठरविलेले असते. या सर्व कामांत झाकण उघडण्याचा प्रसंग एकदाही येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

दुसरे वर्तुळ जाणत्या तंत्रज्ञाचे, आणि येथे ग्रंथकर्त्यांचा पहिला नियम यंत्राविषयी नाहीच. तो रुग्णाविषयी आहे. पर्यायी सिलिंडर अथवा दुसरे यंत्र चालू होऊन रुग्ण त्यावर स्थिर झाल्यावाचून पेचकसास हात लावावयाचा नाही. मग प्लग काढावयाचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. दाब सोडू द्यावयाचा. आणि काँप्रेसरच्या मोटारीचा कपॅसिटर, जो प्लग काढल्यावरही आपल्या पोटात विजेचा झटका राखून बसलेला असतो, तो योग्य रोधातून रिकामा करून मीटरने तपासावयाचा. पेचकसाचे टोक दोन्ही पायांना टेकवून ठिणगी पाडण्याचा जो मर्दानी प्रकार दुकानांत चालतो त्याचा ग्रंथकर्त्यांनी निषेध केला आहे तो उचितच होय. निदानाचा क्रमही त्यांनी मोठ्या विवेकाने लाविला आहे. स्वस्त व सोपे ते आधी पाहावे: फिल्टर कोंदला आहे काय, नळी दुमडली आहे काय, बाटलीचे झाकण तिरपे बसले आहे काय, नत्रवायू बाहेर टाकणाऱ्या वाटेवरील मफलर धुळीने बुजला आहे काय. मग दाब मोजावा. तो चढत नसेल तर काँप्रेसरच्या पिस्टनवरील टेफ्लॉनच्या वाट्या झिजल्या असतील, किंवा कोठे गळती असेल. सुस्काऱ्यांची लय कानांनी ऐकावी. ती एका बाजूस जड आणि दुसऱ्या बाजूस हलकी वाटली तर व्हॉल्व चिकटतो आहे असे समजावे. मोटार गुणगुणते पण फिरत नसेल तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. आणि हे सर्व निर्दोष ठरूनही आकडा वर येत नसेल तरच नळकांडी बदलण्याचा निर्णय घ्यावा, आणि तीही जोडीने, कारण एक ताजे व एक थकलेले अशी नाक्यांची जोडी चालत नाही.

ग्रंथकर्ते मूळचे फ्रिज दुरुस्त करणारे. आपल्या जुन्या व्यवसायाने शिकविलेली एक सवय नव्या व्यवसायात प्राणघातक ठरते, हे त्यांनी ज्या प्रांजळपणे लिहिले आहे त्याचे मला कौतुक वाटते. फ्रिजच्या काँप्रेसरचे आयुष्य तेलात जाते. तो कुरकुरला की तेल आठवावे, हे त्या धंद्याचे बाळकडू आहे. या यंत्रातील काँप्रेसर मात्र जन्मतःच निस्तेल असतो. त्यात तेलाचा थेंब सोडला तर त्याची वाफ दाण्यांवर बसून ते निकामी होतात, तीच वाफ रुग्णाच्या फुप्फुसांत जाते, आणि पुढच्या भागात, जेथे जवळजवळ शुद्ध प्राणवायू वाहत असतो, तेथे तेलाचा अंश म्हणजे आगीस दिलेले आमंत्रण होय. म्हणून ग्रीस नाही, यंत्राच्या सुट्या भागांना लावावयाचे साधे तेल नाही, आणि तेलकट हातही नाहीत.

तिसरे वर्तुळ वर्ज्य गोष्टींचे. थकलेली नळकांडी फोडून, दाणे चाळून, ते स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजून पुन्हा भरण्याचे प्रयोग काही हौशी लोक करतात. नळकांड्याच्या झाकणाखाली दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर डोळा जाऊ शकतो. दाण्यांची भुकटी श्वासातून आत जाण्यास योग्य नसते. दाण्यांतील पाणी पुरते घालविण्यास काही शे अंशांची नियंत्रित उष्णता व कोरडी हवा लागते, जी घरच्या भट्टीत मिळत नाही. आणि सैल भरलेले दाणे एकमेकांवर घासून जे पांढरे पीठ करतात ते व्हॉल्वपासून नळीपर्यंत सर्वत्र पसरते. दाब सोडणारा सुरक्षा-व्हॉल्व बंद करणे, अतिउष्णतेने मोटार तोडणारी कळ वगळून तारा जोडणे, आणि अलार्मचा आवाज बंद पाडणे, ही कृत्येही याच वर्तुळात बसविली आहेत. त्यांच्यासाठी ग्रंथकर्त्यांनी कोठेही ‘शक्यतो टाळावे’ असे सौम्य शब्द वापरलेले नाहीत.

आगीविषयीचे प्रकरण प्रत्येकाने दोनदा वाचावे. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जे जळते त्याला तो असा उतावळा करून सोडतो की विझण्याजोगी ठिणगी ज्वाळा होते. नळी नाकातून काढून चालू स्थितीत गादीवर टाकली तर तो पांघरुणात, लुगड्याच्या पदरात, केसांत मुरून राहतो. आमच्या वहिनींचा देवापुढे सांजवात लावण्याचा नेम पन्नास वर्षांचा. नाकात नळी घेऊन त्या निरांजनावर वाकल्या की माझ्या पोटात गोळा येई, पण बोलण्याचे धैर्य होत नसे. ग्रंथकर्त्यांनी ते एका वाक्यात केले. “काकी, देवाला वात सूनबाई लावील, तुम्ही इथूनच हात जोडा,” असे म्हणून त्यांनी यंत्राची जागा बदलली, ज्योत आणि नळी यांत किमान तीन मीटरांचे अंतर राखविले, उदबत्ती व कापूर त्या खोलीतून हद्दपार केला, ओठांना व्हॅसलीनसारखे तेलकट लेप लावणे बंद करविले, आणि नळीत आग पुढे सरकू न देणारी एक लहानशी जोडणी बसविली. धर्मभावना न दुखविता धोका दूर करण्याची ही हातोटी पुस्तकात जागोजाग दिसते, आणि ती कोणत्याही तांत्रिक शाळेत शिकविली जात नाही.

विजेच्या प्रकरणी एवढेच सांगतो की, तीन पिनांचा प्लग, खरी अर्थिंग आणि स्वतंत्र सॉकेट यांना पर्याय नाही. खेड्यातील पडका व्होल्टेज काँप्रेसरला हळूहळू मारतो, म्हणून योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर हवा. आणि इन्व्हर्टरवर विसंबूनही एक भरलेला सिलिंडर घरात असावाच.

या पुस्तकाची निकड आज विशेष आहे, कारण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा प्राणवायूसाठी माणसे दारोदार फिरत होती, तेव्हा देणग्यांतून, उधारीतून आणि मिळेल त्या भावाने ही यंत्रे गावोगाव येऊन पोहोचली. आणि साथ ओसरल्यावर त्यांतली कितीतरी समाजमंदिरांच्या, देवस्थानांच्या आणि ग्रामपंचायतींच्या अडगळीत प्लास्टिक पांघरून बसली. बाहेरून ती कोरी करकरीत दिसतात. पण न वापरलेले यंत्र हे न झिजलेले यंत्र असते ही समजूत येथे खोटी ठरते. बंद राहिलेल्या नळकांड्यांत एकामागून एक पावसाळ्यांचा ओलावा मुरत असतो, आणि तासांच्या मीटरवर जेमतेम दोनशेचा आकडा असूनही दाणे निकामी झालेले असू शकतात. असे यंत्र कोणा गरजवंताच्या घरी सद्भावनेने पोहोचविणाऱ्याने आधी त्याची मोजदाद करून घ्यावी. शिवाय २०२० च्या एप्रिलपासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आलेली आहेत, हेही दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांनी विसरू नये. आपण ज्यावर हात चालवितो ते पंखा वा मिक्सर नव्हे, ते औषध तयार करणारे पात्र आहे, ही जाणीव त्या तरतुदीमागे आहे.

असे ज्ञान सामान्यांच्या हाती द्यावे काय, असा आक्षेप येईल; कंपनीचा माणूस येईपर्यंत हात लावू नये हेच सुरक्षित नाही काय? ज्या शहरांत तो माणूस दुपारपर्यंत येतो तेथे हा सल्ला निर्विवाद आहे. परंतु घाटाखालच्या तालुक्यांत तो आठ-आठ दिवस येत नाही, आणि तोवर श्वास थांबवून ठेवता येत नाही. अशा वेळी अज्ञान सुरक्षित नसते, ते फक्त अधिक धिटाईने हात घालते. आमच्या यंत्राच्या भोंग्याची तार तोडली ती अधिक माहिती असलेल्याने तोडली नाही. काय करावे याच्या दुप्पट मजकूर काय करू नये यावर असलेले हे पुस्तक वाचून कोणी अविचाराने झाकण उघडील असे मला वाटत नाही. उघडण्यापूर्वी थांबणारेच त्यामुळे वाढतील.

भाषेविषयी एक शब्द. ग्रंथकर्त्यांनी काँप्रेसरला काँप्रेसरच म्हटले आहे आणि व्हॉल्वला व्हॉल्व. कोशात शोधून काढलेली संस्कृत नावे देऊन त्यांनी कारागिराला अडविले नाही. शालेय पंडितपणामुळे मला आरंभी ते खटकले, पण दुकानात जाऊन जो शब्द उच्चारल्यावर गिऱ्हाइकाला वस्तू मिळते तोच त्या वस्तूचा खरा शब्द, हे त्यांचे म्हणणे मी मान्य केले. फक्त त्यांच्या ‘फायनल चेकिंग’ या प्रकरणाचे नाव बदलून ‘रुजुवात’ ठेवावे अशी विनंती केली, आणि त्यांनी ती हसून मानली.

त्या प्रकरणात असे सांगितले आहे की, दुरुस्तीनंतर यंत्र झाकण बसवून चालू करावे, ते स्थिर होऊ द्यावे, रुग्णाच्या ठरलेल्या प्रवाहावर आणि नंतर यंत्राच्या कमाल प्रवाहावर प्राणवायूचे प्रमाण मोजावे, अलार्म खरोखर वाजतो की नाही हे प्लग काढून आजमावावे, आणि तारीख, तास व आकडा घरच्या वहीत स्वतःच्या सहीनिशी लिहावा. आमच्या घरची ती वही माझ्यापाशी आहे. तिची पहिली पाने वहिनींच्या वळणदार अक्षरात आहेत, मधली सूनबाईंच्या घाईच्या अक्षरात, आणि त्यांत फिल्टर धुतल्याच्या, पाणी बदलल्याच्या, वीज गेल्या-आल्याच्या नोंदी आहेत. नवी नळकांडी बसविल्यानंतर वहिनींनी त्या यंत्रावर चार वर्षे काढली आणि मग, ज्यापुढे कोणत्याही यंत्राचा इलाज चालत नाही अशा कारणाने, त्या गेल्या. तेराव्यानंतर यंत्र खेडच्या बाजूच्या एका गरजू घरी द्यावयाचे ठरले, तेव्हा ग्रंथकर्ते न बोलावता आले, त्यांनी यंत्र पुसले, फिल्टर व नळ्या नव्या घातल्या, पंधरा मिनिटे थांबले, मापक लावला, आणि वहीच्या अखेरच्या पानावर वहिनींच्या शेवटच्या नोंदीखाली आपली नोंद केली: तास २४,३१०, प्रवाह २, प्राणवायू ९३. मग त्यांनी पेन माझ्यापुढे केले, आणि मी मापकावरचा आकडा पुन्हा एकदा वाचून त्याशेजारी समासात खूण केली.

रत्नागिरी
ज्येष्ठ शुद्ध दशमी